बेस्ट म्हणायला तीन लागतात

डिचोली तालुक्यातल्या मुलींच्या एका हायस्कुलात मी मराठी शिकवायला रुजू झाले, त्या पहिल्याच दिवशी मधल्या सुट्टीत परबटीचरांनी आपल्या डब्यातलं मणगणं माझ्यापुढे सरकवलं. चण्याची डाळ, गूळ आणि नारळाचा रस घालून केलेलं ते गोड मी चमचाभर खाल्लं आणि नव्या माणसाने बोलावं तसं, म्हणजे गरजेपेक्षा जरा मोठ्याने म्हणाले, "वा टीचर, बेस्ट!"

स्टाफरूममधले सगळे चहाचे कप होते तिथेच थांबले. ड्रॉइंगचे सर हळूच पुटपुटले, "गेली ही."

परबटीचरांनी डब्याला झाकण लावलं. चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढला आणि वरून माझ्याकडे बघत विचारलं, "खंयच्या तिनांत?"

"म्हणजे?"

"बेस्ट म्हणपाक तीन तरी जाय गो. तू आयजमेरेन कितल्या घरचें मणगणें खाल्लां?"

मी मनात मोजलं. फोंड्याला आमच्या घरी आई करते ते एक, आणि हे एक.

"म्हणजे दोन. दोनांत बेस्ट नासता, बेटर आसता. आतां सांग, तुज्या आवयचें बेटर काय म्हजें?"

नोकरीचा पहिला दिवस. आईचं नाव घ्यावं तर समोर या, यांचं घ्यावं तर घरी आई. शेवटी कशीबशी म्हणाले, "टीचर, दोन्ही गोड आहेत."

"हें बरें," त्या खूश होऊन म्हणाल्या. "गोड म्हणपाक कोणाची परवानगी लागना." आणि झाकण उघडून त्यांनी डबाच माझ्या हातात दिला.

परबटीचर पेडण्यातल्या पार्शाच्या. रोज दोन बसगाड्या बदलून यायच्या आणि तरीही शाळेच्या शिपायाच्या आधी फाटकावर हजर असायच्या. उंची जेमतेम. वर्गातल्या फळ्याचा वरचा अर्धा भाग त्यांनी नोकरीच्या सबंध काळात कोरा ठेवला. आवाज मात्र असा की, त्या आठवीला इंग्रजी शिकवत असल्या की पलीकडच्या सातवीचंही इंग्रजी सुधारायचं. लग्न केलेलं नव्हतं. कोणी आडून आडून विचारलंच, तर म्हणायच्या, "पयलीं बेस्ट सोदलो, मागीर बेटर सोदलो, तितल्यान म्हापशाची बस आयली." आणि विचारणाऱ्याच्या आधी स्वतःच हसायच्या. हसताना त्यांना बसायला काहीतरी लागायचं. खुर्ची नसली तर त्या जनेलाच्या, म्हणजे खिडकीच्या, कठड्याला धरून हसायच्या.

इंग्रजीत एवढे शब्द असताना त्यांचा डोळा या एकाच शब्दावर का, ते मला पुष्कळ दिवस कळलं नव्हतं. एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, "अगो, हो शब्द म्हणजे कळस. घराघरार कळस बसयलो जाल्यार देऊळ वळखूचें कशें?"

त्यांच्या वर्गातल्या मुलींना या शब्दाचे नियम पाढ्यांसारखे पाठ होते. त्याच्या आधी 'द' हवा. कोणांत बेस्ट, कुठला बेस्ट, ते सांगता आलं पाहिजे. 'मोस्ट बेस्ट' म्हणणं म्हणजे कळसावर छत्री धरणं. 'वन ऑफ द बेस्ट' म्हटलं की पुढचा शब्द अनेकवचनी, कारण पुष्कळांतला एक असतो, एकातला एक नसतो. ऑल द बेस्ट म्हणायला मात्र त्यांची सगळ्यांना, कधीही परवानगी होती. शुभेच्छा देताना व्याकरण तपासू नये, असं त्यांचं मत.

एकदा नववीतल्या फर्नांडिसांच्या मुलीने हात वर करून विचारलं, "टीचर, इगर्जेंत लग्नाक नवऱ्याच्या कुशीक 'बेस्ट मॅन' उबो आसता. मागीर व्हंकल ताका सोडून नवऱ्याकडेनच कित्याक लग्न जाता?" चर्चमधल्या लग्नात नवरीने बेस्ट माणूस सोडून दुसऱ्याशीच का लग्न करावं, हा प्रश्न तसा रास्तच होता. परबटीचरांनी खडू खाली ठेवला, टेबलाचा आधार घेतला आणि तासाची उरलेली वीस मिनिटं त्या आणि सगळा वर्ग मिळून नुसते हसत होते. शेवटी डोळे पुसत त्यांनी सांगितलं की, तिथे बेस्ट म्हणजे दोस्तांमधला सगळ्यांत जवळचा, नवऱ्याशी त्याची स्पर्धा नाही. पण तोवर ऐकण्याच्या अवस्थेत कोणी उरलं नव्हतं.

स्टाफरूमच्या कपाटात एकदा बिस्किटांचे पुडे निघाले. त्यांवरची 'बेस्ट बिफोर'ची तारीख चार दिवसांमागे गेलेली. शिपाई ते टाकायला निघाला, तेव्हा टीचरांनी त्याची वाट अडवली. "बेस्ट बिफोर म्हणजे त्या आदीं उत्तम. त्या उपरांत बरीं. डेड आफ्टर म्हणून खंय बरयलां?" तसं कुठे लिहिलेलं नव्हतंच. त्यांनी आमच्या देखत पाच बिस्किटं चहात बुडवून खाल्ली. आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकाकडे डोळे लावून बसलो. त्या नेहमीप्रमाणे आमच्या आधी आल्या होत्या आणि सहाव्या बिस्किटाची चौकशी करत होत्या.

बाजारात दोन शिंपी समोरासमोर बसायचे. सख्खे भाऊ, पण बोलणं बंद. दोघांच्याही पाट्यांवर 'बेस्ट टेलर'. टीचर ब्लाउज शिवायला टाकायला गेल्या आणि मधल्या रस्त्यावर उभ्या राहून दोघांनाही ऐकू जाईल असं म्हणाल्या, "बाजारांत शिंपी दोनूच. बेस्ट कोणूच जावंक शकना. तुमच्यांतलो एक बेटर, इतलेंच." मोठा रागावला. धाकटा मात्र विचारात पडला आणि आठ दिवसांनी त्याच्या दुकानावर नवी पाटी लागली, 'बेटर टेलर'. लोक ती पाटी बघायला म्हणून यायचे आणि आलोच आहोत तर एखादा परकर टाकून जायचे. पुढच्या महिन्यात मोठ्याने रंगारी बोलावला आणि आपल्या पाटीवर 'इव्हन बेटर' लिहून घेतलं. आता हे व्याकरणात बसतं की नाही, हे विचारायला तो स्वतः रस्ता ओलांडून भावाकडे गेला. तिथून दोघे मिळून आमच्या शाळेत आले. टीचरांनी दोघांनाही पास केलं. भावांचं बोलणं सुरू झालं ते असं.

पण या शब्दापायी त्यांनी स्वतःचं नुकसान करून घेतलं, तेही मी बघितलं आहे. शाळा तपासायला एक साहेब आले होते. ते घाटावरचे, कोकणीचा गंध नाही. परबटीचरांच्या तासाला मागच्या बाकावर बसले. पुढे एक मुलगी डोळे पुसत होती. साहेबांनी प्रेमाने विचारलं, "बाळ, का रडतेस?"

मुलगी घाबरून म्हणाली, "बेश्टेंच, सर."

साहेबांचा चेहरा उजळला. धडा इतका बेस्ट झाला की पोरीला रडू आलं, असा त्यांनी अर्थ घेतला आणि वहीत तसं लिहिलंही. तास संपल्यावर हेडसरांच्या खोलीत त्यांनी ते वाचून दाखवलं, तेव्हा आमचे हेडसर खुर्चीत दोन इंच वर आले. शाळेला असा शेरा आजवर मिळाला नव्हता.

"सर, तें खोडात," परबटीचर म्हणाल्या.

"का बरं?"

"आमच्या भाशेंत बेश्टें म्हणजे उगाच. विनाकारण. ती मुलगी उगाच रडत होती." मग त्यांनी बसूनच समजावलं की हा शब्द इंग्रजीतून आलेलाच नाही. पोर्तुगीजांकडे जनावराला, मूर्खाला असला शब्द होता, त्यातून तो आला असं त्यांचे आजोबा सांगायचे. हेडसर टेबलाखालून त्यांच्या पायाला पाय लावून खुणावत होते. टीचरांनी तेही साहेबांना सांगितलं. "सर म्हाका पांय लायतात, पूण शब्द तोच."

साहेब इतके हसले की त्यांचं पेन हातातून सुटून टेबलाखाली गेलं. शेरा त्यांनी खोडला आणि 'समाधानकारक' लिहिलं. हेडसर दोन दिवस टीचरांशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी टीचर मणगणं घेऊन त्यांच्या खोलीत गेल्या आणि परत आल्या तेव्हा डबा रिकामा होता.

आणि मग ती दीपालीची सकाळ.

दीपाली बांद्याकडच्या एका ट्रक ड्रायव्हरची मुलगी. वडील खाणीवर गाडी चालवायचे, आई नव्हती. बारावी झाल्यावर तिने पणजीच्या एका नर्सिंग कॉलेजात अर्ज केला आणि मुलाखतीला बोलावणं आलं. सोबत जुन्या शाळेचं शिफारसपत्र हवं होतं. परबटीचर त्या दिवशी रजेवर होत्या, म्हणून हेडसरांनी स्वतःच ते इंग्रजीत लिहिलं, पाकीट चिकटवलं आणि मुलीच्या वडिलांच्या हातात दिलं.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे मुलाखतीच्याच सकाळी, टीचर कामावर आल्या आणि ऑफिसातली प्रत सहज हातात घेतली. मी शेजारीच होते. त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"सुनंदा, हें वाच."

हेडसरांनी लिहिलं होतं, 'दीपाली इज अ‍ॅट बेस्ट अ‍ॅन ऑनेस्ट गर्ल.' मला काही खटकलं नाही.

"अगो, अ‍ॅट बेस्ट म्हणजे फार फार तर! फार फार तर ही मुलगी प्रामाणिक आहे, असं लिवलां तांणीं. म्हणजे बाकी कांयच ना, आनी तेंय दुबावाचें, संशयाचें!"

हेडसर धावत आले. त्यांना वाटलं होतं, बेस्ट शब्द कुठे तरी घातला की झालं. टीचरांनी तिथल्या तिथे, उभ्यानेच, नवं पत्र लिहिलं, हेडसरांनी सही केली, शिक्का मारला. दीपालीच्या वडिलांना फोन लावला. लागला, पण पलीकडे बसचा खडखडाट. "होय टीचरनू, बसलंव, बसलंव! बस सुटली!" एवढं ओरडून त्यांनी फोन ठेवला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. माणूस आमचे आभार मानत होता आणि आमचं ऐकत नव्हता.

"तुजी स्कूटर खंय आसा?" टीचरांनी विचारलं.

परबटीचर आयुष्यात कधी स्कूटरवर बसल्या नव्हत्या. त्या दोन्ही पाय एका बाजूला टाकून बसल्या, एका हातात छत्री, दुसऱ्या हाताने माझा खांदा असा धरला की मला पुढे आठवडाभर तो दुखत होता. अस्नोड्याच्या वाटेवर प्रत्येक वळणाला त्या देवाचं नाव घ्यायच्या आणि सरळ रस्ता आला की "बेगीन चलय गो!" म्हणून मला ढोसायच्या. मी वेग वाढवला की परत देवाचं नाव. अस्नोड्याच्या अलीकडे बस दिसली. मी हॉर्न वाजवला, ड्रायव्हरने बाजूने जायची खूण केली. आम्ही बरोबरीने आलो. टीचरांनी माझा खांदा सोडला, छत्रीने बसच्या पत्र्यावर धाडधाड मारलं आणि सातवीचं इंग्रजी सुधारणाऱ्या त्या आवाजात ओरडल्या, "थांबय रे!"

बस थांबली. मला वाटतं, आसपासचं सगळंच थांबलं.

टीचर आत चढल्या. मागोमाग मी दारापर्यंत गेले. दीपालीचे वडील उठून उभे राहिले. त्यांना घाम फुटला होता. "टीचरनू, काय झाला? माझ्या चेडवाचा काय चुकला?"

"तुमच्या चेडवाचें कांयच चुकूंक ना. चुकलें तें आमचें." त्यांनी जुनं पाकीट घेऊन टराटर फाडलं आणि नवं दीपालीच्या हातात दिलं. "आत काय आहे टीचर?" तिने विचारलं.

"तूं जशी आसा तशी," टीचर म्हणाल्या.

आता त्यांनी उतरायला हवं होतं. पण पुढच्या सीटवरच्या एका मासेवाल्या बाईने विचारलं, "बाय, इतलें कसलें पत्र गो?" आणि परबटीचरांना शिकवायची संधी मिळाली. त्या मधल्या दांड्याला धरून उभ्या राहिल्या आणि भरल्या बसला त्यांनी 'अ‍ॅट बेस्ट' शिकवायला घेतलं. अ‍ॅट इट्स बेस्ट म्हणजे ऐन बहरात, अ‍ॅट बेस्ट म्हणजे फार फार तर, मधला एक बारका शब्द गेला की मुलीचं आयुष्य कसं उलटं होतं, सगळं. कंडक्टरही ऐकत होता. ऐकता ऐकता त्याचा हात सवयीने दोरीकडे गेला, घंटी वाजली आणि बस निघाली. मी खाली, टीचर आत.

मी स्कूटरवरून बसच्या मागे मागे म्हापशापर्यंत गेले. मागच्या काचेतून मला त्यांची हालणारी छत्री दिसत होती. म्हापशाला बस रिकामी व्हायला लागली तेव्हा उतरणारा प्रत्येक माणूस हसत होता. कंडक्टर दारातून ओरडला, "टीचर, परतीची बस अर्ध्या वरान सुटतली, अ‍ॅट बेस्ट!" आणि टीचरांनी त्याच्या पाठीवर थाप मारली, कारण लवकरात लवकर अर्ध्या तासाने, अशा अर्थाने त्याने तो शब्द बरोबर वापरला होता.

दीपालीला प्रवेश मिळाला. संध्याकाळी ती वडिलांबरोबर शाळेत पेढे घेऊन आली. आम्ही सगळे तिच्याभोवती जमलो. हेडसरांनी घाबरत घाबरत विचारलं, "पत्र वाचून काय म्हणाले?"

दीपाली गोंधळली. "सर, पत्र त्यांनी उघडलंच नाही. पाकीट घेतलं आणि फायलीत ठेवून दिलं."

सगळ्यांनी परबटीचरांकडे बघितलं. मला वाटलं, त्यांना वाईट वाटेल. पण त्या म्हणाल्या, "उगडलें आसतें जाल्यार?" आणि जनेलाच्या कठड्याला धरून अशा हसायला लागल्या, की दीपालीच्या वडिलांनाही हसू आवरेना. आपण का हसतोय हे त्यांना ठाऊकच नव्हतं. लेक कॉलेजात जाणार, एवढंच कारण त्यांना पुरलं.

निवृत्तीच्या दिवशी हॉल भरला होता. बोलायला उठलेला प्रत्येक जण जपून बोलत होता. उत्तम, छान, थोर, सगळं झालं, तो शब्द कोणी काढेना. शेवटी हेडसर उठले. त्यांनी महिनाभर तयारी केली होती. "परबटीचर इज वन ऑफ द बेस्ट टीचर," ते म्हणाले आणि थांबले. पहिल्या रांगेत बसलेल्या टीचरांनी एक भुवई वर केली. हॉलमधल्या तीनशे मुलींनी एका सुरात साप सोडल्यासारखं केलं, "स्स्स्स!"

"टीचर्स!" हेडसर ओरडले आणि त्यांना त्यांच्या नोकरीतल्या सगळ्यांत मोठ्या टाळ्या मिळाल्या.

टीचर उत्तराला उठल्या. दोनच वाक्यं बोलल्या. "आय डिड माय बेस्ट. हांगा तीन लागनात, आपूण एकलोच आपल्याकडेन जोखतलो." स्वतःला स्वतःशीच तोलायचं असेल तर तिसरं कोणी लागत नाही, हे त्यांनी आम्हाला इतक्या वर्षांत पहिल्यांदाच सांगितलं. आणि त्या बसल्या. त्या वेळी हसल्या नाहीत.

त्यानंतरच्या हिवाळ्यात त्यांनी मला पार्शाच्या जत्रेला बोलावलं. तीच आमची शेवटची भेट. पुढच्या आषाढात त्या गेल्या. दुपारी वाचता वाचता डोळा लागला तो लागलाच, असं त्यांच्या भाचीने कळवलं.

पण त्या दिवशी उन्हं कलायला लागली होती, गुळात घोळलेल्या खाज्यांच्या दुकानांपुढे गर्दी होती आणि देवळामागच्या मळ्यात आकाशपाळणा उभा होता. टीचर त्याच्याकडे मान वर करून बराच वेळ बघत राहिल्या. "सुनंदा, हांव केन्नाच बसूंक ना," त्या म्हणाल्या, आणि मी काही बोलायच्या आत मला पिशवी देऊन त्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. माझ्यात धीर नव्हता. मी खालीच थांबले.

पाळणा फिरायला लागला. पहिल्या फेरीत टीचरांनी डोळे घट्ट मिटले होते. दुसऱ्या फेरीत एक डोळा उघडा होता. तिसऱ्या फेरीत त्यांची एक चप्पल सुटली आणि थेट खाज्यांच्या ढिगात पडली. दुकानदार वर बघून ओरडायला लागला. टीचर वरून हात जोडून त्याची माफी मागत होत्या, आणि हसत होत्या, इतक्या, की शेजारच्या पाळण्यातली अनोळखी माणसंही हसायला लागली होती.

पाळणा थांबला. पाळणेवाल्याने त्यांच्यापुढचा दांडा उघडला आणि उतरायला हात दिला. टीचरांनी त्याचा हात बाजूला केला, दांडा स्वतःच परत लावून घेतला आणि त्याला वर बोट दाखवलं.

माझ्या बसची वेळ झाली होती. पिशवी आणि दुकानदाराकडून घेतलेली चप्पल मी बरोबर आलेल्या भाचीकडे दिली आणि धावत बस पकडली. मागच्या जनेलातून बघितलं. दुकानांच्या छपरांवरून टीचरांचा पिवळा पदर वर आला, खाली गेला, परत वर आला.